जिन्यात अडकलेली १८ हेक्टर

माझा मामेभाऊ गेल्या पावसाळ्यात भांडुप पश्चिमेला घर शोधत होता. एका बिल्डरच्या माहितीपत्रकात नकाशा छापला होता. स्टेशनवर लाल ठिपका, ठिपक्याभोवती गोल आणि गोलाच्या आत ऐटीत उभी असलेली इमारत. खाली लिहिलं होतं, 'स्टेशनपासून ४५० मीटर'. आम्ही दोघं मोबाइलवर घड्याळ लावून स्टेशनच्या जिन्यावरून निघालो. आधी बाजारातली गर्दी, मग नाल्याचा वळसा, मग टेंभीपाड्याच्या अंगाचा चढ. इमारतीच्या गेटवर पोहोचलो तेव्हा १७ मिनिटं झाली होती. तरीही पत्रक खोटं नव्हतं. नकाशावर पट्टी ठेवली तर ४५० मीटरच भरतात.

रेल्वे आणि जमीन यांत सॉफ्टवेअरचा धंदा काढायचा म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात लोकलच्या वेळापत्रकाचं ॲप येतं. ती ॲप झाली, तिकीटही मोबाइलवर निघू लागलं. मला वाटतं, खरा धंदा त्या १७ मिनिटांत आहे.

आधी त्या गोलाचा समाचार घेऊ. माणूस सपाट रस्त्यावर मिनिटाला साधारण ८० मीटर चालतो, म्हणजे १० मिनिटांत ८०० मीटर. एवढ्या त्रिज्येच्या वर्तुळात सुमारे २०० हेक्टर जमीन बसते. पण माणसं वर्तुळात चालत नाहीत, गल्लीतून चालतात. समजा, सगळे रस्ते बुद्धिबळाच्या पटासारखे काटकोनात आखले आहेत. तरीही १० मिनिटांत गाठता येणारा भाग वर्तुळ न राहता तिरका चौकोन होतो, शंकरपाळ्यासारखा. त्याचं क्षेत्रफळ १२८ हेक्टर. म्हणजे आदर्श आखणीतसुद्धा वर्तुळातली ३६ टक्के जमीन गळाली. आणि आपल्याकडे आदर्श आखणी कुठे आहे? आपल्याकडे नाले आहेत, कंपाउंडच्या भिंती आहेत, बंद गिरण्यांचे दरवाजे आहेत.

खरा भाग काढायची रीत जुनी आहे. १९५६ साली एड्सगर डाइक्स्ट्रा हा डच संगणकतज्ज्ञ ॲमस्टरडॅममध्ये होणाऱ्या बायकोबरोबर खरेदीला गेला होता. दमून दोघं एका कॅफेत बसले आणि तिथे २० मिनिटांत, कागद-पेन्सिल न घेता, त्याला सर्वांत जवळचा रस्ता शोधायची पद्धत सुचली. कल्पना अशी, की स्टेशनवर पाण्याची टाकी फुटली असं समजा. पाणी सगळ्या गल्ल्यांतून एकाच वेळी पसरतं आणि प्रत्येक नाक्यावर ते पहिल्यांदा ज्या वाटेने पोहोचतं ती तिथली सर्वांत जवळची वाट. प्रत्येक गल्लीला मीटरऐवजी सेकंद लावले की १० मिनिटांनी पाणी कुठवर आलं ते दिसतं. सेकंद लावताना चढही मोजावा लागतो. भूगोलतज्ज्ञ वॉल्डो टोब्लर यांच्या सूत्रानुसार सपाटीवर ताशी ५ किलोमीटर चालणारा माणूस १० टक्के चढावर ताशी साडेतीन किलोमीटरवर येतो. भांडुपची निम्मी गोष्ट इथेच उलगडते.

आता रुळांकडे वळू. मुंबईच्या प्रत्येक स्टेशनाला पूर्व आणि पश्चिम अशा दोन दुनिया असतात आणि मधे पूल. समजा, पश्चिमेचा माणूस फलाटावरून थेट रस्त्यावर उतरतो, पण पूर्वेच्या माणसाला जिना, पूल, पुन्हा जिना आणि उलट दिशेला काढलेलं तोंड यांत ४ मिनिटं जातात. त्याच्या १० मिनिटांतली ६ उरली. वेळ ६० टक्के उरली म्हणून जमीनही ६० टक्के उरली, असं वाटतं ना? तसं नाही. क्षेत्रफळ अंतराच्या वर्गाने बदलतं. साठाचे छत्तीस होतात. पूर्वेच्या अर्ध्या शंकरपाळ्यातल्या ६४ हेक्टरपैकी १० मिनिटांत फक्त २३ हेक्टर हाताशी येतात.

हेच उलटं वाचा. जिना रुंद केला, एक जिना थेट बाजाराच्या तोंडाशी उतरवला आणि ४ मिनिटांची २ झाली, तर २३ हेक्टरचे ४१ होतात. १८ हेक्टर, म्हणजे जवळपास ४४ एकर जमीन स्टेशनच्या पट्ट्यात नव्याने आली, तीही समुद्रात एक टोपली भराव न टाकता. ज्या शहराने जमिनीसाठी दोनशे वर्षं समुद्र बुजवला, त्याला हा हिशेब आवडायला हवा.

सॉफ्टवेअर म्हणून मला विकायचं आहे ते एवढंच. नकाशावर बोटाने पूल काढा, जिना इकडून तिकडे सरकवा आणि कोणता भूखंड किती मिनिटांनी जवळ आला ते बघा. घेणार कोण? महापालिका घेईल तेव्हा घेईल, निविदांच्या रांगेत नवी कंपनी म्हातारी होते. माझा पहिला गिऱ्हाईक पुनर्विकासाला निघालेली हाउसिंग सोसायटी. सभासदांच्या हातात बिल्डरने दिलेला फिजिबिलिटी रिपोर्ट असतो आणि त्यात विक्रीचा दर बिल्डरनेच धरलेला असतो. नोंदणी झालेल्या व्यवहारांतून मजला, इमारतीचं वय आणि स्टेशनपर्यंतची चालती मिनिटं यांचा किमतीतला वाटा वेगळा काढता येतो. ते आकडे हाती असलेला सेक्रेटरी वाटाघाटीत वेगळ्याच आवाजात बोलतो. दुसरं गिऱ्हाईक बँका. तिसरे दुकानदार. सप्टेंबर २०२५ मध्ये एल्फिन्स्टनचा ब्रिटिशकालीन पूल पाडकामासाठी बंद झाला, तेव्हा परळ आणि प्रभादेवीचा चालता नकाशा एका रात्रीत बदलला. नाक्यावरच्या टपरीवाल्याला तो बदल कुणाच्याही आधी गल्ल्यात दिसला असणार.

पुलाचे पैसे कोणी द्यायचे, या प्रश्नाचं उत्तरही याच नकाशात आहे. जपानमध्ये इचिझो कोबायाशी यांनी १९१० साली ओसाकाजवळ रेल्वे सुरू केली आणि रुळांलगत घरं बांधून ती हप्त्याने विकली. रेल्वेने जमिनीची किंमत वाढवायची आणि त्या वाढीतून रेल्वे चालवायची. हे आपल्याला अगदीच परकं नाही. मानखुर्द–बेलापूर मार्गाच्या खर्चाचा दोन तृतीयांश वाटा नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने उचलला आणि वाशीच्या स्टेशनावर कार्यालयं उभी राहिली. मुंबईत मात्र घर घेताना मुद्रांक शुल्कासोबत १ टक्का मेट्रो अधिभार द्यावा लागतो आणि मेट्रोपासून ३ मिनिटांवर घर घेणारा व अर्ध्या तासावर घर घेणारा, दोघंही तोच टक्का भरतात. मिनिटं मोजता येत असताना ही सरसकट पट्टी मला तरी आळशीपणाची वाटते.

पण एक धोका आहे. जमीन स्टेशनजवळ आली की तिथे जास्त चटई क्षेत्र, म्हणजे तेवढ्याच भूखंडावर जास्त बांधकामाची परवानगी, द्यावंसं वाटतं. गिरणगावात काय झालं ते आठवा. १९८२च्या संपानंतर गिरण्या थंडावल्या, १९९१च्या विकास नियमांनी त्या जमिनींचा वापर बदलायची वाट काढून दिली आणि पुढच्या दोन दशकांत लोअर परळ, एल्फिन्स्टनच्या आसपास काचेची कार्यालयं उभी राहिली. इमारती वर गेल्या, जिने मात्र होते तेवढेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७च्या सकाळी पावसामुळे माणसं एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पादचारी पुलावरच थांबून राहिली, खालून नवी येत गेली आणि चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. पुढे लष्कराने तिथे नवा पादचारी पूल बांधला.

यातलं गणित तिसरीच्या मुलालाही जमेल. चढत्या जिन्यावरून मीटरभर रुंदीमागे मिनिटाला फार तर ५० माणसं वर जातात. जिना ३ मीटरचा धरला तर १५०. एका लोकलमधून ९०० उतरले तर जिना मोकळा व्हायला ६ मिनिटं हवीत. पुढची लोकल ४ मिनिटांनी आली, की मागचे ३०० अजून खालीच आहेत. चौथी लोकल लागते तेव्हा खाली उभे असतात ९००. यात समोरून उतरणारे धरलेलेच नाहीत. म्हणून माझ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक जिन्याला सेकंदांसोबत रुंदीही लिहिलेली हवी. नव्या टॉवरचा आराखडा टाकला, की कोणत्या जिन्याखाली किती माणसं साचतील ते परवानगीच्या आधी दिसलं पाहिजे. बिल्डर हे विकत घेणार नाही, हे उघड आहे. पण सोसायट्यांच्या आणि बँकांच्या पैशांवर नकाशा एकदा तयार झाला, तर हा हिशेब त्यावर जवळपास फुकट निघतो.

अवघड काम सॉफ्टवेअरचं नाहीच. खुल्या नकाशांवर रस्ते मिळतात, पण जिन्याची रुंदी, पायऱ्यांची संख्या, रात्री कुलूप लागणारं गेट हे सगळं माणसानेच टेप घेऊन मोजायचं. मी भांडुपला सुरुवात केली. जिन्याला टेप लावल्यावर ऐन गर्दीत वाकून बसलेल्या माणसाला काय काय ऐकावं लागतं, ते इथे छापण्यासारखं नाही.

मामेभावाने शेवटी दुसरं घर घेतलं. पट्टीने ७५० मीटर, पायी १२ मिनिटं. जुलैत पहिला जोराचा पाऊस झाला आणि त्याच्या गल्लीत गुडघाभर पाणी साचलं. त्या दिवशी त्याला २५ मिनिटं लागली. रात्री फोन करून म्हणाला, "दादा, तुझ्या नकाशात पावसाळ्याचं बटण टाक."