डक्टिंग : घरांत आणि व्यवसायाच्या जागांत हवेचे डक्ट बसवणे

यंत्राने थंड, गरम किंवा स्वच्छ केलेली हवा खोल्यांपर्यंत पोचवणाऱ्या आणि वापरलेली हवा यंत्राकडे परत आणणाऱ्या वाहिन्यांना डक्ट म्हणतात. त्यांची आखणी, घडण आणि जोडणी या सगळ्या कामाला डक्टिंग हा शब्द रूढ आहे. मराठी विश्वकोशीय भाषेत ‘वायुवाहिनी’ हा शब्द चालतो, पण साइटवर तो कोणी वापरत नाही. मुंबई-पुण्याच्या इमारतींत ‘डक्ट’ म्हणजे संडास-बाथरूमचे पाइप जिथून खाली उतरतात ती उघडी, उभी पोकळीही असते. या नोंदीतला डक्ट तो नव्हे. हा पत्र्याचा असतो, बहुधा फॉल्स सीलिंगच्या वर लपलेला असतो, आणि एसीचे काम चांगले की वाईट हे यंत्राइतकेच, कित्येकदा यंत्राहून जास्त, त्याच्यावर ठरते.

इराणातल्या उंच वातमनोऱ्यांपासून रोमन स्नानगृहांच्या जमिनीखालच्या गरम हवेच्या पोकळ्यांपर्यंत, हवेला वाट काढून देण्याची कल्पना जुनीच आहे. आजच्या अर्थाने वातानुकूलन सुरू झाले १९०२ मध्ये. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात दमटपणामुळे कागद प्रसरण पावे आणि रंगांची छपाई जुळेना, म्हणून विलिस कॅरियर यांनी हवेची आर्द्रता आवरणारी यंत्रणा आखली. भारतात ही हवा सर्वसामान्यांनी प्रथम अनुभवली ती चित्रपटगृहांत. कुलाब्याचे १९३३ साली उघडलेले रीगल हे वातानुकूलित चित्रपटगृहांतले सुरुवातीचे नाव. पुढे मुंबईतच १९४३ मध्ये ब्लू स्टार आणि १९५४ मध्ये व्होल्टास या कंपन्या उभ्या राहिल्या आणि डक्टचे काम करणाऱ्या कारागिरांची पिढी या शहरात तयार झाली. घरांत मात्र डक्ट फारसे शिरले नाहीत. भारतीय घराने आधी खिडकीतला आणि मग भिंतीवरचा स्प्लिट एसी पत्करला. मोठ्या फ्लॅटमध्ये आणि बंगल्यांत आता ‘डक्टेबल’ युनिट बसू लागली आहेत, आणि अडचणींची सुरुवात तिथूनच होते, कारण ती घरे डक्टचा विचार करून बांधलेली नसतात.

आखणी

डक्टचे खरे काम पत्रा कापण्याआधी होते. प्रथम प्रत्येक खोलीला किती थंडावा लागणार ते काढतात. पश्चिमेची काच, वरचा मजला की मधला, माणसे किती, दिवे आणि संगणक किती, हे सगळे त्यात येते. थंडावा टनांत मोजतात. एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू (उष्णता मोजण्याचे ब्रिटिश एकक), अर्थात सुमारे ३.५ किलोवॉट. एका टनामागे मिनिटाला अंदाजे ४०० घनफूट हवा लागते. धंद्यात याला ४०० सीएफएम म्हणतात.

पाच टनांचे युनिट धरू. हवा २,००० सीएफएम. कार्यालयाच्या मुख्य डक्टमध्ये हवेचा वेग मिनिटाला १,००० फूट ठेवायचा, तर डक्टचा आडवा छेद दोन चौरस फुटांचा लागतो, म्हणजे २४ बाय १२ इंच. त्यावर चहूबाजूंनी इंचभर इन्सुलेशन, खाली आधाराचा चॅनेल, वर लटकवायला जागा. स्लॅबखाली सव्वा ते दीड फूट गेला. घरात आवाज नको म्हणून वेग याहून कमी ठेवतात, तेव्हा डक्ट आणखी मोठा होतो. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार वातानुकूलित खोलीत जमिनीपासून डक्टच्या किंवा फॉल्स सीलिंगच्या सर्वांत खालच्या बिंदूपर्यंत किमान २.४ मीटर उंची राहिली पाहिजे. मध्ये बीम आडवा आला की हे गणित कोलमडते. डक्ट बीमच्या खालून न्यावा तर डोक्याला लागतो, बीमला भोक पाडावे तर इमारतीला धोका. स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी संमतीशिवाय आरसीसी बीममध्ये कोअर कटिंग, म्हणजे यंत्राने गोल भोक पाडणे, करू नये. तरीही ते सर्रास होते, आणि सीलिंग लागले की कोणाला दिसत नाही. म्हणूनच डक्टवाल्याला इंटिरिअर डिझायनरच्या आधी नाही तरी निदान त्याच्या बरोबरीने बोलावायला हवे.

उंची वाचवण्यासाठी डक्ट चपटा करतात. त्यालाही मर्यादा आहे. रुंदी उंचीच्या चौपटीहून जास्त नसावी, असा संकेत आहे. तितक्याच हवेसाठी चपट्या डक्टला पत्रा जास्त लागतो, घर्षण वाढते आणि रुंद पत्रा धडधडतो. गोल डक्ट सर्वांत कमी पत्र्यात सर्वांत जास्त हवा नेतो, पण त्याला उंची लागते. म्हणून तो उघड्या सीलिंगच्या कॅफेंत, जिममध्ये आणि गोदामांत दिसतो. वळणांचा हिशेबही महत्त्वाचा आहे. बेंडच्या मधल्या रेषेची त्रिज्या डक्टच्या रुंदीच्या दीडपट असावी. जागाच नसेल आणि काटकोनात वळवावे लागले तर आत वळणपात्या बसवतात. पात्यांशिवायचा चौकोनी कोपरा कित्येक फूट सरळ डक्टइतका दाब खातो.

हवा कमी पडली की पंखा वाढवू, असे पुष्कळांना वाटते. हवा वाढली की लागणारा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि पंख्याची वीज घनाच्या प्रमाणात. त्याच डक्टमधून दहा टक्के जास्त हवा हवी असेल तर वीज सुमारे ३३ टक्के जास्त लागते. एकदा लहान बसवलेल्या डक्टची किंमत मालक पुढे वर्षानुवर्षे वीजबिलातून भरत राहतो.

पत्रा आणि घडण

सर्वाधिक वापर जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी पत्र्याचा, म्हणजे जीआय पत्र्याचा. भारतीय मानक ६५५ धातूच्या डक्टसाठी आहे. साधारणपणे ७५० मिलिमीटरपर्यंतच्या बाजूला २४ गेजचा ०.६३ मिलिमीटर पत्रा आणि १,५०० पर्यंत २२ गेजचा ०.८ मिलिमीटर वापरतात. त्याहून मोठ्या डक्टला २० आणि १८ गेज. गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, हे नवख्या ग्राहकाने ध्यानात ठेवावे, कारण फसवणूक इथेच होते. सूक्ष्ममापी लावून जाडी तपासायला दोन मिनिटे लागतात.

पूर्वी आठ बाय चार फुटांच्या शीट साइटवर आणून लाकडी हातोडीने घडी मारत. आता मोठ्या कामांत कॉइलमधून यंत्रावर कापलेले, फ्लँज, म्हणजे जोडायच्या दुमडलेल्या कडा, घडवलेले तुकडे कारखान्यातून येतात आणि साइटवर गॅसकेट लावून कोपऱ्यांत बोल्टने आवळतात. आत फोम असलेल्या पॅनेलचे हलके डक्ट आणि फुग्यासारखे फुगणारे कापडी डक्टही आहेत. लवचिक फ्लेक्झिबल डक्ट शेवटच्या चार-पाच फुटांसाठी, कॉलरपासून (डक्टला काढलेल्या गोल तोंडापासून) डिफ्यूझरपर्यंत (छतातल्या हवा पसरवणाऱ्या जाळीपर्यंत), उत्तम. पण मुख्य डक्टमधून निघणारी अख्खी फांदी त्याचीच करणे हा आळस आहे. तो पूर्ण ताणून बसवला नाही तर आतल्या सुरकुत्या हवेला अडवतात, आणि दोन आधारांमध्ये झोळ पडला की तिथेच हवा मरते.

जोडणीचा क्रम असा. स्लॅबला अँकर फास्टनर मारून आट्यांचे रॉड सोडतात, त्यावर चॅनेल धरतो, आणि जमिनीवर जोडलेले तुकडे उचलून त्यावर ठेवतात. यंत्राच्या तोंडाशी कॅनव्हासचा किंवा अग्निरोधक कापडाचा जोड लागतो, नाहीतर पंख्याची थरथर पत्र्यातून शयनगृहापर्यंत पोचते. प्रत्येक फांदीच्या मुळाशी हवा कमी-जास्त करायला डँपर असतो. काम चालू असताना डक्टची उघडी तोंडे प्लास्टिकने बांधून ठेवणे हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम आहे. पीओपी घासल्याची धूळ आत बसली की ती पहिल्या दिवशी नव्या सोफ्यावर उतरते.

सांधे बंद करायला कापडी डक्ट टेप नको. नाव डक्ट टेप असले तरी १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या चाचण्यांत हीच टेप डक्टच्या सांध्यांवर टिकली नाही. उष्णतेने तिचा गोंद सुकतो. सांध्याला सीलंट किंवा मॅस्टिक आणि वरून अ‍ॅल्युमिनियम फॉइलची टेप, ही रीत योग्य. अमेरिकेच्या एनर्जी स्टार कार्यक्रमानुसार तिथल्या सामान्य घरात डक्टमधून जाणाऱ्या हवेपैकी २० ते ३० टक्के हवा गळती, भोके आणि ढिल्या जोडांतून वाया जाते.

घाम

कोकणपट्टीवर आणि गोव्यात डक्टचा सर्वांत मोठा शत्रू पाणी. डक्टमधली हवा १२ ते १४ अंशांची असते. जुलैत बाहेर ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २७ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे त्या हवेला २७ अंशांहून थंड असा कोणताही पृष्ठभाग मिळाला की त्यावर पाणी जमणार. फॉल्स सीलिंगच्या वरची पोकळी बाहेरच्या हवेशी कुठेतरी जोडलेली असतेच. खिडकीच्या वरची फट, पाइपचे भोक, उघडा शाफ्ट. डक्टवरचे इन्सुलेशन एका सांध्याशी जरी फाटले, तरी तिथून थेंब पडतो, जिप्सम बोर्ड पिवळा होतो आणि घरचे वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याशी भांडायला जातात. गळती नळाची नसून डक्टची आहे हे कळायला कधीकधी पावसाळा सरावा लागतो.

म्हणून इन्सुलेशन नुसते जाड असून भागत नाही, ते वाफेला बंद असावे लागते. बंद पेशींच्या नायट्राइल रबराचे १९ किंवा २५ मिलिमीटरचे अस्तर आता सर्रास वापरतात. काचलोकर स्वस्त पडते, पण वरची फॉइल फाटली की ती पाणी पिते, आणि ओली काचलोकर काही रोखत नाही. फ्लँज, कॉलर आणि आधाराचा चॅनेल या तीन जागी पत्रा उघडा राहतो. पुढे घाम फुटतो तोही नेमका तिथेच. गच्चीवरून जाणाऱ्या डक्टला वरून अ‍ॅल्युमिनियमचे कवच घालतात, नाहीतर ऊन आणि कावळे एका वर्षात रबर संपवतात. पठारावर, पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात, हा त्रास बराच कमी.

परतीची हवा आणि ताजी हवा

जाणाऱ्या डक्टवर सगळ्यांचे लक्ष असते, परतीच्या वाटेवर कोणाचेच नाही. खोलीचे दार बंद केले आणि हवेला यंत्राकडे परतायला वाट नसेल, तर खोलीतला दाब वाढतो आणि पुरवठा कमी होतो. घरात निदान दाराखाली फट किंवा भिंतीत ग्रिल हवे. कार्यालयांत पुष्कळदा स्वतंत्र परतीचा डक्ट न घालता सीलिंगवरची पोकळीच वापरतात. पैसा वाचतो, पण त्या पोकळीतली सगळी धूळ यंत्रात येते.

स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो. डक्टच्या यंत्रणेला बाहेरची गाळलेली हवा जोडता येते, आणि माझ्या मते दाटीच्या जागांत डक्टचा खर्च करण्याचे सर्वांत चांगले कारण हेच आहे. कोविडच्या काळात, २०२० मध्ये, इश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या भारतीय संस्थेने तापमान २४ ते ३० अंश, आर्द्रता ४० ते ७० टक्के आणि पुरेशी बाहेरची हवा असा सल्ला दिला. हजारो कार्यालयांना तेव्हाच कळले की आपल्याकडे ताज्या हवेची वाटच नाही.

रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहात हा विषय ऐच्छिक राहत नाही. रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या एनएबीएच या मंडळाच्या मार्गदर्शनानुसार तिथे तासाला किमान २० वेळा हवा बदलावी लागते, त्यातली किमान चार वेळा बाहेरची. ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारे हेपा फिल्टर छतात बसतात आणि खोलीचा दाब बाहेरच्यापेक्षा जास्त ठेवतात. डक्टच्या आत आवाज शोषणारे अस्तर इथे लावत नाहीत, कारण त्यात जंतू घर करतात.

आग

हवा नेणारी वाट धूरही नेते. दिल्लीच्या ग्रीन पार्कमधल्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरपासून आग लागली. ५९ माणसे गेली, मुख्यतः धुराने गुदमरून. जिन्याबरोबरच एसीच्या डक्टमधूनही धूर प्रेक्षागृहात पोचला होता. आगरोधक भिंत किंवा मजला जिथे डक्ट ओलांडतो तिथे फायर डँपर लागतो. सुमारे ७२ अंशांना त्याची कडी वितळते आणि पात्या आपोआप मिटतात, किंवा धुराची सूचना मिळताच मोटर त्या मिटवते. डक्ट आणि भिंत यांच्यामधली फट अग्निरोधक लेपाने भरावी लागते, आणि डँपरपाशी हात जाईल एवढे दार ठेवावे लागते. दार नसलेला डँपर तपासता येत नाही, म्हणून तो नसल्यातच जमा.

हॉटेलच्या स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट डक्ट हा वेगळाच प्रकार. त्याचा एसीच्या डक्टशी कुठेही संबंध येऊ देऊ नये. जाड पत्रा, वेल्ड केलेले सांधे, तेल परत वाहून यावे म्हणून उतार आणि ठरावीक अंतरावर सफाईची दारे त्याला लागतात. आतून जमलेला तेलाचा थर तव्यावरच्या भडक्याने पेटतो, आणि मग उभा डक्ट चिमणीसारखा जळत वर जातो.

कूलरचे आणि गिरण्यांचे डक्ट

विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि हवा कोरडी असते. तिथल्या मंगल कार्यालयांत, शिकवणी वर्गांत आणि दुकानांत गच्चीवरच्या मोठ्या कूलरला जोडलेले डक्ट दिसतात. याची रीत एसीच्या उलट. परतीचा डक्ट नसतो, सगळी हवा बाहेरची, म्हणून ती बाहेर जायला खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात. हवा एसीइतकी थंड नसल्याने ती जास्त लागते, आणि डक्ट मोठे करावे लागतात. हीच यंत्रणा मुंबईत बसवली तर फक्त दमटपणा वाढतो.

इचलकरंजीच्या सूतगिरण्यांत आणि विणकाम शेडमध्ये डक्ट माणसांसाठी नसून सुतासाठी असतात. सूत कोरडे पडले की तुटते, म्हणून विणकामात आर्द्रता ७५ ते ८० टक्क्यांच्या घरात ठेवतात. पाण्याच्या फवाऱ्यातून धुतलेली हवा वरून सोडतात आणि कापसाच्या तंतूंसह जमिनीखालच्या चरांतून परत ओढतात.

तपासणी आणि मोजमाप

सीलिंग बंद होण्याआधी गळती तपासावी. साधी रीत म्हणजे अंधार करून डक्टच्या आत दिवा फिरवायचा आणि सांध्यातून उजेड दिसतो का ते पाहायचे. मोठ्या कामांत डक्टची तोंडे बंद करून पंख्याने दाब देतात आणि किती हवा निसटते ते मोजतात. यंत्र सुरू झाल्यावर प्रत्येक ग्रिलवर वायुवेगमापी धरून डँपर जुळवतात. हे झाले नाही तर यंत्राजवळची खोली गारठते आणि टोकाची उकडते.

डक्टचे बिल पत्र्याच्या क्षेत्रफळावर, चौरस मीटरमध्ये निघते, लांबीवर नाही. इन्सुलेशन, ग्रिल, डिफ्यूझर आणि डँपर वेगळे मोजतात. बेंड आणि निमुळते तुकडे कसे मोजायचे हे कंत्राटात आधीच लिहिलेले असावे. मोजमाप इन्सुलेशन चढण्यापूर्वी, दोन्ही बाजूंच्या माणसांसमोर घ्यावे आणि प्रत्यक्ष जसा बसला तसा डक्टचा नकाशा, डँपर आणि दारांच्या खुणांसह, मालकाने त्याच वेळी मागून घ्यावा.