केईएम आणि जीएस, आवार एक पण नावांची गोष्ट वेगळी

केईएम काय ते सगळ्यांना माहितीय, मुंबईतल्या परळचं महापालिकेचं हॉस्पिटल. आणि ‘केईएमला एमबीबीएस करतोय’ म्हणणारा खरं तर जीएसमध्ये शिकत असतो, म्हणजे सेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज. आवार एकच, त्यामुळे बोलण्यात चालून जातं, त्यावरून मी कुणाशी वाद घालत नाही.

पण ‘दोन्ही नावं देणगीदारांची’ असं कुणी लिहिलं की राहवत नाही. केईएम म्हणजे किंग एडवर्ड मेमोरियल. इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड १९१० मध्ये वारला, त्याच्या आठवणीसाठी ठेवलेलं नाव आहे ते, त्याने स्वतःच्या खिशातून काही दिलेलं नाही. गोरधनदास शेठजींचं तसं नाही, कॉलेज उभं राहिलं ते त्यांनी मागे ठेवलेल्या पैशातून. ‘शेठजींनी कॉलेज काढलं’ हेही चूक बरं का, ते तेव्हा हयातच नव्हते, सगळी बोलणी त्यांच्या ट्रस्टींनी केली, आणि माझ्या मते पैशाइतकीच मोठी होती ती त्यांनी घातलेली अट: शिकवणारे सगळे लायक भारतीयच हवेत, आणि सरकारी नोकरीतले नकोत.

ही अट कशासाठी हे कळलं नाही तर जीएस कळलंच नाही. तेव्हा सरकारी मेडिकल कॉलेजात प्रोफेसरच्या जागा बहुतेक इंडियन मेडिकल सर्व्हिसवाल्यांच्या, त्यात गोऱ्यांचाच भरणा, आपला डॉक्टर विलायतेतून मोठी डिग्री घेऊन आला तरी तिथे खालीच राहायचा. जीएसमध्ये ते दार उघडलं. १९२६ मध्ये उद्घाटन झालं, आणि पहिले डीन कोण, तर लंडनला शिकून आलेले जीवराज मेहता, जे १९६० मध्ये गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. हे सगळं ‘एका दानशूर व्यापाऱ्याची देणगी’ एवढ्यात उरकतात त्याचा मला खरंच राग येतो.

भायखळ्याला जेजेमध्ये बरोब्बर उलट आहे, तिथे हॉस्पिटलला दात्याचं नाव, जमशेटजी जीजीभॉय, आणि १८४५ च्या कॉलेजला गव्हर्नर ग्रँटचं. म्हणून जेजेचा हिशेब परळला लावू नका.

जीएसच्या पोरांच्या कॉलेज मॅगझिनचं नाव बघा, ‘गोसुमॅग’. गोरधनदासचा गो, सुंदरदासचा सु.