बर्नस्टाइन आणि त्याची सरकारी फाईल

अमेरिकी संगीतकार आणि वाद्यवृंद संचालक लेनर्ड बर्नस्टाइनच्या राजकारणाचा विषय निघाला की गाडी हमखास १४ जानेवारी १९७० च्या संध्याकाळवर येऊन थांबते. न्यूयॉर्कच्या पार्क अव्हेन्यूवरचं प्रशस्त घर, हातात पेले घेतलेले नामवंत पाहुणे आणि त्यांच्यात उभे ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या जहाल पक्षाचे कार्यकर्ते. त्याच वर्षी जूनमध्ये पत्रकार-लेखक टॉम वुल्फने या प्रसंगावर लांबलचक लेख लिहून श्रीमंतांच्या हौशी क्रांतीची अशी काही टर उडवली की तो शिक्का बर्नस्टाइनवरून अजून पुसला गेलेला नाही. लेख झकास आहे, यात वाद नाही. पण आधीची तीस वर्षं त्यात नाहीत, आणि ती ठाऊक नसतील तर ती संध्याकाळ निव्वळ फॅशनच वाटते.

सुरुवात हार्वर्डला झाली. १९३९ च्या मे महिन्यात विशीतल्या बर्नस्टाइनने तिथे मार्क ब्लिट्झस्टाइनचं संगीत नाटक बसवलं आणि पियानोची साथही स्वतःच केली. विषय होता पोलाद कारखान्याच्या गावातली कामगार संघटना. दोनच वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाच्या वेळी, ज्या सरकारी योजनेच्या पैशांतून ते उभं राहिलं होतं तिनेच थिएटरला कुलूप घातलं होतं. म्हणजे नाटक निवडतानाच त्याने बाजू निवडलेली होती.

१४ नोव्हेंबर १९४३ ला संचालक ब्रूनो वॉल्टर आजारी पडला म्हणून ऐनवेळी कार्नेगी हॉलमध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदासमोर उभा राहिलेला हा २५ वर्षांचा पोरगा दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर होता. नाव झालं तसं लोक ते मागायला येऊ लागले: स्पेनमधून परागंदा झालेल्या निर्वासितांसाठी, वंशभेदाविरुद्धच्या निवेदनांसाठी, चौकशीत अडकलेल्या कलावंतांसाठी. बर्नस्टाइन सही करायला कधी कचरला नाही. १९४४ च्या त्याच्या ब्रॉडवे नाटकात तर जपानशी युद्ध चालू असताना जपानी वंशाची सोनो ओसातो प्रमुख भूमिकेत होती आणि समूहात गोरे-काळे कलाकार एकत्र नाचत होते. ओसातोच्या वडिलांना युद्धकाळात स्थानबद्ध केलेलं होतं, हे लक्षात घेतलं की या निवडीचं वजन कळतं.

या सह्यांचा हिशेब एफबीआय, म्हणजे अमेरिकेची केंद्रीय तपास यंत्रणा, आपल्या फाईलमध्ये ठेवत होती. ४ एप्रिल १९४९ च्या 'लाइफ' मासिकाने कम्युनिस्टांच्या नादी लागलेल्या पन्नास जणांचे फोटो छापले. त्यात आइन्स्टाइन, चॅप्लिन, आर्थर मिलर यांच्या पंगतीत बर्नस्टाइनही होता. वर्षभराने रेडिओ-टीव्हीतल्या 'संशयितां'ची १५१ नावांची यादी पुस्तिकेच्या रूपात निघाली, तीत तो पुन्हा सापडला. सरकारी शिक्का नसलेल्या या पुस्तिकेच्या भीतीने कित्येकांची कामं गेली.

१९५३ मध्ये परराष्ट्र खात्याने त्याच्या पासपोर्टचं नूतनीकरण नाकारलं. ज्याचे कार्यक्रम जगभर, त्याला घरात कोंडण्याचा हा साधा उपाय. न्याय खात्यात पूर्वी काम केलेला वकील गाठून त्याने ऑगस्टमध्ये लांबलचक प्रतिज्ञापत्र दिलं: मी कम्युनिस्ट पक्षाचा सभासद कधीही नव्हतो, अमुक समितीला नाव दिलं ते फारशी चौकशी न करता, तमुक सभेशी माझा संबंध नाममात्र. एकेका जुन्या सहीची अशी सफाई देत जाणं. ज्या गोष्टी त्याने मनापासून केल्या होत्या त्या अजाणतेपणी झाल्या असं लिहून देणं, हा या साऱ्या प्रकरणातला मला सर्वांत बोचणारा भाग वाटतो. पासपोर्ट मिळाला. डिसेंबरमध्ये तो मिलानच्या ला स्कालात मारिया कॅलसच्या 'मेडेया'चं संचालन करत होता.

पुढच्याच वर्षी त्याने एलिया कझानच्या चित्रपटाला संगीत दिलं. कझानने १९५२ मध्ये कम्युनिस्टांचा माग काढणाऱ्या संसदीय चौकशी समितीपुढे आपल्या जुन्या सोबत्यांची नावं सांगितली होती. बर्नस्टाइनच्या चाहत्यांना ही गोष्ट अवघड जाते, आणि जायलाच हवी. मात्र १९५६ च्या त्याच्या 'कँडीड' या संगीत नाटकामध्ये लिस्बनच्या धर्मसभेचा जो प्रवेश आहे तो उघडउघड त्या समितीचीच चेष्टा होती. ते नाटक ७३ प्रयोगांत बंद पडलं.

नंतर वारं फिरलं. १९५८ मध्ये तो न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचा संगीत संचालक झाला. (हीच जागा १९७८ मध्ये मुंबईच्या झुबिन मेहतांकडे आली.) १९५९ मध्ये, पासपोर्ट अडवणाऱ्या त्याच परराष्ट्र खात्याच्या पाठबळावर, तो अमेरिकी संस्कृतीचा दूत म्हणून मॉस्कोला जाऊन शोस्ताकोविचची पाचवी सिम्फनी वाजवून आला. केनेडी घराण्याशी त्याची जवळीक होती. १९६५ मध्ये कृष्णवर्णीयांच्या मतदानहक्कासाठी निघालेल्या सेल्मा ते माँटगोमेरी पदयात्रेच्या शेवटच्या मुक्कामी कलावंतांची जी सभा झाली, तिथेही तो हजर होता.

आता १९७० ची संध्याकाळ पाहा. न्यूयॉर्कमध्ये बॉम्बस्फोटांचा कट रचल्याच्या आरोपावरून २१ पँथरांवर एप्रिल १९६९ मध्ये खटला भरला गेला होता. बहुतेकांचा जामीन प्रत्येकी एक लाख डॉलर, म्हणून निकालाआधीच ते नऊ महिने तुरुंगात. वकिलांच्या खर्चासाठी आणि आरोपींच्या कुटुंबांसाठी पैसे जमवायला ही बैठक बोलावली होती ती फेलिसियाने, बर्नस्टाइनच्या पत्नीने. तो स्वतः तालमीवरून उशिरा आला आणि डॉन कॉक्स या पँथर नेत्याशी वाद घालत बसला. त्यात त्याने बोलीभाषेत दिलेला एक होकार 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या शार्लट कर्टिसने टिपला आणि त्याची शोभा झाली. त्याच वृत्तपत्राने अग्रलेखातून खडसावलं. हा प्रश्न नागरी हक्कांचा आहे, असं फेलिसियाने पत्र लिहून सांगितलं, पण तोवर चर्चा खाण्यापिण्यावर गेली होती. घराबाहेर निदर्शनं झाली. संतापाच्या निनावी पत्रांमागे एफबीआयचा हात होता, हे पुढे उघड झालेल्या कागदपत्रांतून दिसलं. आणि खटला? मे १९७१ मध्ये अखेरपर्यंत उभ्या राहिलेल्या १३ आरोपींना ज्यूरीने सर्व आरोपांतून सोडलं. त्यांत अफेनी शकूर होती. ती गरोदर होती, आणि पुढच्याच महिन्यात तिचा मुलगा, पुढे रॅप गायक म्हणून गाजलेला तुपाक, जन्मला. या निकालाची बातमी त्या पार्टीइतकी कुणाच्या लक्षात राहिली नाही.

त्याच वर्षी वॉशिंग्टनमध्ये केनेडी सेंटर या कलाकेंद्राचं उद्‌घाटन त्याच्या 'मास'ने (मास म्हणजे कॅथलिक प्रार्थनाविधी) व्हायचं होतं. त्यातल्या लॅटिन ओळींत व्हिएतनाम युद्धाविरोधी छुपा संदेश असेल, असा इशारा एफबीआयने व्हाइट हाऊसला दिला, कारण बर्नस्टाइन तुरुंगात जाऊन बेरिगन या युद्धविरोधी पाद्र्याला भेटून आला होता. राष्ट्राध्यक्ष निक्सन आले नाहीत. खरं तर त्या रचनेत काही छुपं नव्हतंच, शांततेची मागणी सगळे घसा फोडून गातात. जानेवारी १९७३ मध्ये निक्सन यांच्या दुसऱ्या शपथविधीच्या आदल्या रात्री सरकारी मैफलीला उत्तर म्हणून त्याने वॉशिंग्टनच्या कॅथेड्रलमध्ये हायडनचा युद्धकाळातला मास सादर केला. आत जागा पुरेना, हजारो लोक बाहेर थंडीत उभे राहून ऐकत होते.

१९८९ च्या नाताळात, बर्लिनची भिंत पडल्यावर, पूर्व बर्लिनमध्ये त्याने केलेली बेथोवनची नववी सिम्फनी सगळ्यांना आठवते. त्याआधी महिनाभर घडलेली गोष्ट मागे पडते. एड्सवरच्या एका प्रदर्शनाच्या माहितीपुस्तिकेत राजकारण्यांवर टीका होती, म्हणून राष्ट्रीय कला निधीने दहा हजार डॉलरचं अनुदान काढून घेतलं. त्याच सुमारास राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या हस्ते बर्नस्टाइनला राष्ट्रीय कला पदक मिळायचं होतं. त्याने ते घ्यायला नकार दिला. वर्षभराच्या आत, ऑक्टोबर १९९० मध्ये तो गेला. सहाशेहून अधिक पानांची एफबीआयची ती फाईल आणखी चार वर्षांनी लोकांसमोर आली. तो कम्युनिस्ट पक्षाचा सभासद असल्याचा पुरावा तिच्यात कुठेच नव्हता.