पगार कापला, तिजोरीत किती पडलं?

मंदीत सरकारचं कराचं उत्पन्न झपाट्याने घसरतं, पण पगार आणि निवृत्तिवेतनाचा खर्च जागचा हलत नाही. म्हणून पहिली कात्री पगारावर येते. ही कात्री तीन प्रकारे चालवता येते: पगार खरोखरच कमी करायचा, त्याचा काही भाग नंतर द्यायचा किंवा वाढ गोठवायची. बातम्यांत या तिन्हींना ‘पगारकपात’च म्हटलं जातं. तिजोरीच्या आणि घराच्या हिशेबात मात्र तिन्ही पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत.

खऱ्या कपातीचं सगळ्यात अभ्यासण्याजोगं उदाहरण आयर्लंडचं. २००८ मध्ये तिथला घरबांधणीचा फुगा फुटला, बँका बुडायला आल्या. चलन युरो असल्यामुळे त्याचं अवमूल्यन करण्याचा मार्ग बंद होता. मार्च २००९ मध्ये सरकारी नोकरांवर ‘निवृत्तिवेतन आकारणी’, म्हणजे निवृत्तिवेतनाच्या नावाने पगारातून होणारी वजावट, लागली. डिसेंबर २००९ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री ब्रायन लेनिहान यांनी मूळ पगारालाच हात घातला. १ जानेवारी २०१० पासून वर्षाच्या पहिल्या ३०,००० युरोंवर ५ टक्के, पुढच्या ४०,००० वर ७.५ टक्के आणि त्यापुढच्या ५५,००० वर १० टक्के कपात झाली. त्याहून मोठ्या पगारांना वेगळे, चढे दर होते. पंतप्रधानांचा पगार २० टक्क्यांनी घटला.

ही रचना आयकरासारखी टप्प्याटप्प्याची होती, आणि ती तशीच असायला हवी. सरसकट एका मर्यादेवर मोठा दर लावला की मर्यादेच्या जेमतेम वर असलेल्याच्या हातात, मर्यादेच्या खाली असलेल्यापेक्षा कमी पैसे पडू शकतात. टप्प्यांत हे होत नाही.

आता ७०,००० युरो पगाराचा हिशेब मांडू. पहिल्या टप्प्यात १,५०० आणि दुसऱ्यात ३,००० मिळून ४,५०० युरो कापले गेले, म्हणजे सुमारे ६.४ टक्के. पण सरकारला ४,५०० मिळाले नाहीत. या पातळीवर निवृत्तिवेतन आकारणी १०.५ टक्के होती. पगार घटल्याने तीही सुमारे ४७२ युरोंनी घटली. उरलेल्या ४,०२८ वर तेव्हाच्या वरच्या दराने, म्हणजे ४१ टक्क्यांनी, मिळणारा सुमारे १,६५१ युरो आयकर बुडाला. निव्वळ बचत राहिली २,३७७ युरो, म्हणजे जेमतेम ५३ टक्के. इतर छोट्या आकारण्या आणि खर्च आटल्याने बुडालेला २१ टक्क्यांचा व्हॅट यात धरलेलाच नाही. तेही धरले तर बचत निम्म्याच्या खाली जाते. कमी पगाराच्या माणसाचा करही कमी, म्हणून त्याच्या कपातीतला मोठा वाटा तिजोरीत टिकतो. ज्याला कपात सगळ्यात जड जाते, त्याच्याकडूनच प्रत्येक युरोमागे जास्त बचत होते. कपातीच्या गणितातली ही सर्वांत कठोर गोष्ट आहे, आणि अर्थसंकल्पाच्या भाषणात ती सहसा येत नाही.

दुसरी गळती बाजारातून होते. पगार घटला की दुकानातली खरेदी घटते, दुकानदाराचं उत्पन्न घटतं, त्याचा करही घटतो. सरकारी खर्च एक रुपयाने घटला तर एकूण उत्पादन किती घटतं, त्या प्रमाणाला गुणक म्हणतात. युरोपातल्या काटकसरीचे अंदाज बांधताना तो सुमारे ०.५ धरला गेला होता. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने ऑक्टोबर २०१२ च्या अहवालात मान्य केलं की प्रत्यक्षात तो ०.९ ते १.७ च्या दरम्यान होता. आयर्लंडसारख्या, बरंचसं सामान आयात करणाऱ्या छोट्या देशात तो यापेक्षा कमी राहतो, कारण घटलेल्या खरेदीचा काही भाग परदेशी मालाचा असतो. मोठ्या, आपल्या घरच्याच मालावर चालणाऱ्या अर्थव्यवस्थेत हा दिलासा नसतो.

कागदावर न दिसलेले बिघाड आयर्लंडमध्ये पुढे वर आले. फेब्रुवारी २०१२ अखेरपर्यंत निवृत्त होणाऱ्यांचं निवृत्तिवेतन कपातीआधीच्या पगारावर ठरणार होतं. त्यामुळे हजारो अनुभवी कर्मचारी, त्यात रुग्णालयांतल्या परिचारिकाही, त्या तारखेआधी एकदम बाहेर पडले. २०११ पासून नव्याने रुजू होणाऱ्यांना १० टक्के कमी पगार ठरला. शेजारशेजारच्या वर्गखोल्यांत तेच काम करणाऱ्या दोन शिक्षकांचे पगार वेगळे झाले. २०१२ मध्ये नव्या तज्ज्ञ डॉक्टरांचा पगार ३० टक्क्यांनी खाली आणला, आणि त्यानंतर अनेक वर्षं त्या जागा भरणं अवघड होऊन बसलं. नोकरीत असलेल्यांना दुखवण्यापेक्षा न आलेल्यांना कमी देणं राजकीयदृष्ट्या सोपं असतं; त्याची किंमत रुग्ण मोजतात.

तिथल्या न्यायाधीशांचा पगार तर घटनेनेच संरक्षित होता. तो कमी करता यावा म्हणून ऑक्टोबर २०११ मध्ये सार्वमत घ्यावं लागलं. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद ३६० मध्ये आर्थिक आणीबाणीत सरकारी नोकरांसह उच्च व सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे पगारही कमी करण्याची तरतूद आहे. ती आणीबाणी आजवर एकदाही जाहीर झालेली नाही.

करोनाच्या साथीत, २०२० मध्ये, आपल्याकडे मुख्यतः दुसरं आणि तिसरं हत्यार वापरलं गेलं: काही पगार नंतर देणं आणि वाढ गोठवणं. महाराष्ट्राने मार्च २०२० चं वेतन दोन टप्प्यांत द्यायचं ठरवलं: मंत्री-आमदारांना आधी ४० टक्के, ‘अ’ आणि ‘ब’ वर्गाला ५० टक्के, ‘क’ वर्गाला ७५ टक्के, ‘ड’ वर्गाला पूर्ण. यात खर्च एक रुपयाही वाचत नाही, रोखीची तंगी तेवढी पुढे ढकलली जाते. कर्मचाऱ्याने सरकारला दिलेलं हे बिनव्याजी कर्ज असतं. गृहकर्जाचा हप्ता मात्र अशा महिन्यातही सहसा पूर्णच कापला जातो, म्हणून अर्धा पगार हातात येणाऱ्याचा घरखर्च अर्ध्याहून खूप जास्त आक्रसतो. आंध्र प्रदेशात हा वाद न्यायालयात गेला. उच्च न्यायालयाने थकवलेली रक्कम १२ टक्के व्याजाने द्यायला सांगितलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याज ६ टक्क्यांवर आणलं, पण व्याजाचा हक्क कायम ठेवला. केरळमध्ये दरमहा सहा दिवसांचं वेतन पाच महिने राखून ठेवायच्या आदेशाला उच्च न्यायालयाने स्थगिती दिली, तेव्हा सरकारला अध्यादेश काढावा लागला.

केंद्राने एप्रिल २०२० मध्ये महागाई भत्ता १७ टक्क्यांवर गोठवला. हा दर ग्राहक किंमत निर्देशांकाच्या बारा महिन्यांच्या सरासरीवर चालतो आणि जानेवारी व जुलैत बदलतो. जानेवारी २०२०, जुलै २०२० आणि जानेवारी २०२१ चे तीन हप्ते अनुक्रमे ४, ३ आणि ४ टक्क्यांचे होते. म्हणजे पहिल्या सहामाहीत दरमहा मूळ वेतनाच्या ४ टक्के, दुसरीत ७ आणि तिसरीत ११ टक्के कमी मिळाले. सहा-सहा महिन्यांची बेरीज १३२ टक्के, म्हणजे सव्वा महिन्याहून थोडं जास्त मूळ वेतन. ३५,४०० रुपये मूळ वेतन असेल तर ४६,७२८ रुपये. १ जुलै २०२१ पासून दर थेट २८ टक्के झाला, पण मागची थकबाकी दिली गेली नाही. सरकारच्या सांगण्यानुसार यातून ३४,४०२ कोटी रुपये वाचले.

आयर्लंडशी तुलना इथे उपयोगी पडते. तिथे पगाराचा पायाच खाली गेला आणि तो वर आणायला पुढचं दशक लागलं. इथे नुकसान अठरा महिन्यांपुरतं राहिलं, पाया सुरक्षित राहिला. अपवाद होता त्या काळात निवृत्त झालेल्यांचा, कारण उपदान (ग्रॅच्युइटी) आणि शिल्लक रजेचे पैसे निवृत्तीच्या दिवशीच्या महागाई भत्त्यावर कायमचे ठरतात. सप्टेंबर २०२१ च्या आदेशाने ही चूक सुधारली: निवृत्तीची तारीख ज्या सहामाहीत असेल त्यानुसार २१, २४ किंवा २८ टक्के दर काल्पनिक धरून फरक द्यायचा. त्या काळात निवृत्त झालेल्या केंद्रीय कर्मचाऱ्याच्या घरी १७ टक्क्यांनीच काढलेला उपदानाचा कागद असेल, तर त्या आदेशाचा आधार घेऊन वेतन कार्यालयाकडे फरक मागता येतो.

सगळ्यात कमी बोलली जाणारी कपात रिकाम्या खुर्चीची. ४ मे २०२० च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण सोडून नवी भरती थांबवली गेली. रिक्त पदाचा पूर्ण पगार वाचतो, न्यायालयात सहसा कोणी जात नाही, आंदोलनही क्वचितच होतं. तलाठ्याकडे दोन सजांचा कारभार येतो, आणि सात-बाराच्या फेरफारासाठी लोकांच्या खेपा वाढतात.