काहीच न घडणाऱ्या दहा सेकंदांचे गणित

ऑगस्ट २०२५ मध्ये पॅरामाउंट या अमेरिकी कंपनीने यूएफसी या मिक्स्ड मार्शल आर्ट्स (एमएमए, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्तीसारख्या पकडी सगळे चालणारा, पिंजऱ्यात खेळला जाणारा द्वंद्वाचा खेळ) संघटनेच्या लढतींचे प्रसारण हक्क २०२६ पासून सात वर्षांसाठी ७.७ अब्ज डॉलरना घेतल्याचे जाहीर झाले. मोठ्या लढतींसाठी प्रत्येक वेळी वेगळे पैसे मोजायचे, ही पे-पर-व्ह्यूची तीन दशकांहून जुनी पद्धत या करारामुळे अमेरिकेत संपुष्टात येणार होती. या बातमीवर जी चर्चा झाली तिच्यात एक वाक्य मला पुन्हा पुन्हा ऐकू आले : लोकांना रक्त पाहायला आवडते, म्हणून हा खेळ खपतो. ऐकायला हे सरळ वाटते, पण या खेळाचा इतिहास त्याला अजिबात दुजोरा देत नाही.

रक्त हेच आकर्षण असते, तर हा खेळ सर्वाधिक लोकप्रिय व्हायला हवा होता तो त्याच्या पहिल्या काही वर्षांत. १२ नोव्हेंबर १९९३ रोजी डेन्व्हर येथे यूएफसीची पहिली स्पर्धा झाली, तेव्हा वजनगट नव्हते, गुण देणारे पंच नव्हते आणि मोजके प्रकार सोडले तर जवळजवळ सर्व काही चालत होते. १९९६ मध्ये सिनेटर जॉन मॅकेन यांनी या प्रकाराला माणसांची कोंबडझुंज म्हटले. पुढे अनेक राज्यांनी बंदी घातली आणि मोठ्या केबल कंपन्यांनी प्रसारण बंद केले. २००१ मध्ये संपूर्ण यूएफसी अवघ्या वीस लाख डॉलरना विकली गेली. त्याच सुमारास न्यू जर्सीच्या नियामक मंडळाच्या पुढाकाराने एकसमान नियम आले : पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या, विजेतेपदासाठी पाच, वजनगट, हातमोजे आणि निषिद्ध प्रकारांची लांबलचक यादी. सर्वसामान्य प्रेक्षक या खेळाकडे वळला तो त्यानंतर. म्हणजे नियम वाढले, तसा प्रेक्षकही वाढला.

नियम नसले की थरार वाढतो, ही समजूत किती चुकीची आहे हे एप्रिल १९९५ मध्येच दिसले होते. रॉयस ग्रेसी आणि केन शॅमरॉक यांची बहुचर्चित लढत छत्तीस मिनिटे चालली, त्यातला बहुतेक काळ दोघे जमिनीवर एकमेकांना धरून पडून राहिले आणि शेवटी लढत बरोबरीत सुटली.

मग नवा प्रेक्षक नेमका कशाने बांधला जातो? याचे मला सर्वांत पटलेले उत्तर अर्थशास्त्रज्ञांकडून आले आहे. जेफ्री ईली, अलेक्झांडर फ्रँकेल आणि एमिर कामेनिका यांनी २०१५ मध्ये उत्कंठा आणि आश्चर्य यांचे गणित मांडणारा एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांची मूळ कल्पना साधी आहे. सामना चालू असताना प्रेक्षकाच्या मनात निकालाविषयी सतत एक अंदाज असतो आणि तो शून्य ते एक यांमधील संख्येने दाखवता येतो. मागच्या क्षणीचा अंदाज आणि आताचा अंदाज यांत जे अंतर पडले, ते आश्चर्य. ते मागे वळून मोजायचे असते. उत्कंठा मात्र पुढे पाहून मोजायची असते. पुढच्या क्षणी आपला अंदाज किती सरकू शकतो, याचा सर्व शक्यता धरून केलेला हिशेब म्हणजे उत्कंठा.

थोडे आकडे मांडून पाहू. समजा, दोन खेळाडू तुल्यबळ आहेत, म्हणजे अंदाज ०.५ वर आहे. एका खेळात पुढच्या दहा सेकंदांत हा अंदाज फार तर ०.५२ किंवा ०.४८ होऊ शकतो. दुसऱ्या खेळात ९५ टक्के शक्यता अशी की काहीच घडणार नाही. पण उरलेल्या पाच टक्क्यांत लढत तिथल्या तिथे संपेल आणि अंदाज थेट एक किंवा शून्य होईल. संभाव्य बदलांच्या वर्गांची सरासरी काढून तिचे वर्गमूळ घेतले, की शाळेत शिकलेले प्रमाण विचलन मिळते. पहिल्या खेळात ते ०.०२ येते, दुसऱ्यात सुमारे ०.११. दुसऱ्या खेळातली उत्कंठा साडेपाच पट आहे आणि शंभरपैकी पंचाण्णव वेळा तिथे प्रत्यक्षात काहीही घडलेले नाही. एक लढवय्या किंचित वाकून उभा आहे, दुसरा पुढचा पाय दोन इंच सरकवतो आहे, हात हलतात पण ठोसा पडत नाही, आणि पाहणाऱ्याचे पाते लवत नाही. ते दहा सेकंद रिकामे नसतात, हे या गणितातून दिसते आणि म्हणूनच मला त्याचे इतके कौतुक वाटते.

यापुढचा भाग अधिक सुंदर आहे, मात्र तो थोडा सावकाश वाचावा लागेल. तर्काने चालणाऱ्या प्रेक्षकाच्या उद्याच्या सर्व संभाव्य अंदाजांची सरासरी आजच्या अंदाजाएवढीच असते, कारण ती वेगळी असेल तर त्याने आजच आपला अंदाज बदलायला हवा. या एका अटीतून असे सिद्ध होते की सुरुवातीपासून निकालापर्यंत अंदाजात होणाऱ्या सर्व बदलांच्या वर्गांची अपेक्षित बेरीज आधीच ठरलेली असते. अंदाज ०.५ वरून सुरू झाला, तर ती बेरीज ०.५ गुणिले ०.५, म्हणजे ०.२५ एवढीच येते. सामना कोणताही असो, तुल्यबळ स्पर्धकांकडे उत्कंठेचे हे पाव एककाचे भांडवल असते. ते वाढवता येत नाही. ते केव्हा आणि कसे खर्च व्हावे, एवढेच खेळाच्या नियमांच्या हाती असते. शिवाय वर्गमूळ घेतल्यामुळे एक गोष्ट आपोआप घडते : हे भांडवल एकाच झटक्यात उधळण्यापेक्षा थोडे थोडे करून पसरले, तर अनुभवाला येणारी एकूण उत्कंठा जास्त भरते.

आता नव्वद मिनिटांचा फुटबॉल सामना आणि पंधरा मिनिटांची एमएमए लढत शेजारी ठेवून पाहा. भांडवल जवळपास तेवढेच, पण वेळ एक षष्ठांश. फुटबॉलमध्ये मध्यंतराला तीन गोलांची आघाडी झाली की भांडवल जवळजवळ संपते आणि उरलेली पंचेचाळीस मिनिटे कोरडी जातात. एमएमएमध्ये गुणांत मागे पडलेल्या खेळाडूकडेही शेवटच्या सेकंदापर्यंत लढत संपवण्याची वाट शिल्लक असते, त्यामुळे भांडवलाचा थोडा तरी भाग शेवटपर्यंत उरतो. शिवाय एका संध्याकाळी दहा-बारा लढती असतात आणि प्रत्येक लढत आपले नवे भांडवल घेऊन येते.

अशा वेळी मेंदूत डोपामिन या रसायनाचा स्फोट होतो आणि माणसाला व्यसन लागते, असे जे हल्ली सर्रास सांगितले जाते, त्याविषयी येथेच बोलले पाहिजे. ख्रिस्तोफर फिओरिलो, फिलिप टोब्लर आणि वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी २००३ मध्ये माकडांवर केलेल्या प्रयोगात असे आढळले की प्यायला रस मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी असताना, वाट पाहण्याच्या काळात काही डोपामिन-पेशींची सक्रियता सर्वाधिक वाढत जाते. हा निष्कर्ष अनिश्चिततेच्या या गणिताशी जुळणारा आणि विचार करायला लावणारा आहे. परंतु रसाच्या थेंबाची वाट पाहणाऱ्या माकडावरून पडद्यासमोर बसलेल्या माणसाच्या आवडीनिवडीपर्यंत एका उडीत पोहोचणे हे विज्ञान नव्हे. आपण पाहायला बसलो की आपला खेळाडू हरतो, या समजुतीइतकाच तो दावा निराधार आहे, फक्त त्याची भाषा शास्त्रीय आहे.

या गणितात एक अट दडलेली आहे आणि दूरचित्रवाणीचे खरे काम तिथून सुरू होते. हा अंदाज प्रेक्षकाच्या मनातला असतो. पिंजऱ्यात धोका वाढला, पण पाहणाऱ्याला तो धोका ओळखताच आला नाही, तर त्याचा अंदाज जागचा हलत नाही. क्रिकेटमध्ये किती चेंडू उरले आणि किती धावा हव्यात हे पडद्यावर लिहिलेले असते. नवख्यालाही त्यावरून अंदाज बांधता येतो. एमएमएमध्ये बहुतेक ठिकाणी पंचांचे गुण लढत संपेपर्यंत जाहीरच होत नाहीत.

दोन लढती पाहू. २० ऑगस्ट २०२२ रोजी सॉल्ट लेक सिटीमध्ये लिऑन एडवर्ड्स हा तेव्हाच्या विजेत्या कमारू उस्मानविरुद्ध गुणांत मागे होता. पाचव्या फेरीत छप्पन्न सेकंद उरले असताना त्याची लाथ उस्मानच्या डोक्यावर बसली आणि लढत संपली. हे समजायला कोणतेही शिक्षण लागत नाही. आता ७ ऑगस्ट २०१० ची ओकलंडमधली लढत घ्या. चेल सॉननने चार फेऱ्या विजेत्या अँडरसन सिल्वावर निर्विवाद वर्चस्व गाजवले. पाचव्या फेरीतही सिल्वा पाठीवर पडलेला होता आणि सॉनन वरून ठोसे मारत होता. नवखा प्रेक्षक म्हणेल, वरचा जिंकतो आहे. जाणकाराची नजर खालच्या माणसाच्या पायांवर असते. सॉननचा एक हात सिल्वाच्या दोन मांड्यांच्या आत आला आहे, दुसरा बाहेर राहिला आहे. सिल्वाचा पाय मानेवरून वर सरकतो, त्या पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्याखाली अडकला की त्रिकोण पूर्ण होतो. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्या मानेच्या दोन्ही बाजूंना असतात. त्रिकोणात एका बाजूची रोहिणी हल्लेखोराच्या मांडीने दाबली जाते आणि दुसऱ्या बाजूची, अडकलेल्याच्या स्वतःच्याच खांद्याने. दोन्ही पुरत्या दाबल्या गेल्या, तर साधारण दहा सेकंदांत शुद्ध हरपते. त्याच पकडीतून सिल्वाने सॉननचा हातही ताणला आणि एक मिनिट पन्नास सेकंद शिल्लक असताना सॉननने हार मानली.

नवख्याच्या दृष्टीने येथे सगळे भांडवल एका क्षणात खर्च झाले : आधी कंटाळा, मग धक्का. जाणकाराच्या मनात तेच भांडवल, पाय हलू लागल्यापासून हार मानेपर्यंत, पायरीपायरीने खर्च होत गेले. लढत एकच होती, पण उत्कंठा फक्त जाणकाराने अनुभवली.

ही नजर सरावाने तयार होते. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये बुद्धिबळाबाबत दाखवून दिले की खऱ्या डावातील पट काही सेकंद पाहून निष्णात खेळाडू तो नवख्यापेक्षा कितीतरी अचूक मांडतो; तीच मोहरी कशीही विखुरली, तर त्याची आघाडी जवळजवळ नाहीशी होते. त्याला सुटी मोहरी दिसत नाहीत, मोहऱ्यांच्या ओळखीच्या रचना दिसतात. समालोचक जेव्हा ओरडून एखाद्या पकडीचे नाव घेतो, मंदगतीत तोच क्षण पुन्हा दाखवला जातो आणि कोणता हात कुठे अडकला हे सांगितले जाते, तेव्हा प्रेक्षकाच्या मनात अशीच एकेक रचना जमा होत असते. माझ्या मते चांगला समालोचक हा या खेळाचा पहिला शिक्षक आहे आणि त्याच्या कामाचे मोल फार कमी लोक जाणतात.

ओळख एवढ्यावर संपत नाही. कोण जिंकते याची आपल्याला पर्वाही असावी लागते. माध्यमांच्या परिणामांचे अभ्यासक डॉल्फ झिलमन यांनी मांडल्याप्रमाणे, ज्याच्याविषयी आपुलकी आहे त्याला धोका असेल तेव्हाच उत्कंठा टोकदार होते. जानेवारी २००५ मध्ये स्पाइक टीव्ही वाहिनीवर यूएफसीने स्वतःच्या खर्चाने एक मालिका सुरू केली. करार मिळवू पाहणारे लढवय्ये एका घरात राहत, एकत्र सराव करत आणि एकमेकांशीच लढत. बाराएक आठवडे प्रेक्षकांनी त्यांना जेवताना, भांडताना, घाबरताना पाहिले आणि त्याबरोबर पकडी व डाव यांची नावेही शिकली. ९ एप्रिलला फॉरेस्ट ग्रिफिन आणि स्टीफन बोनर अंतिम लढतीत उतरले. पंधरा मिनिटे पारडे एकदा इकडे, एकदा तिकडे झुकत राहिले. ग्रिफिन तिन्ही पंचांच्या मते २९-२८ असा जिंकला आणि करार दोघांनाही मिळाला. भांडवल शेवटच्या थेंबापर्यंत, सावकाश खर्च झाले आणि ते समजणारा प्रेक्षक आधीच तयार केलेला होता. या खेळाच्या अमेरिकेतील भरभराटीची सुरुवात याच रात्रीपासून धरली जाते.

याच्या उलट उदाहरण १२ नोव्हेंबर २०११ चे, पहिल्या स्पर्धेनंतर बरोबर अठरा वर्षांनी घडलेले. फॉक्स या सर्वत्र मोफत दिसणाऱ्या वाहिनीवर यूएफसी प्रथमच आली आणि तासाभराच्या कार्यक्रमात एकच लढत दाखवायची ठरली : केन वेलास्केझ विरुद्ध ज्युनिअर दोस सांतोस. चौसष्ट सेकंदांत एक उजवा ठोसा कानामागे बसला, विजेतेपद दोस सांतोसकडे गेले आणि प्रक्षेपणाचा उरलेला वेळ बोलण्यात गेला. पाहायला लाखो लोक आले होते. त्यांना आश्चर्य भरपूर मिळाले, पण उत्कंठेला वेळच मिळाला नाही. प्रवेश मोफत करणे आणि नवा चाहता घडवणे ही दोन निराळी कामे आहेत, हे प्रसारकांनी त्या रात्रीवरून ओळखायला हवे होते. पे-पर-व्ह्यूची भिंत काढून टाकणाऱ्यांसमोरही तोच प्रश्न आहे.

माझ्या मावशीने हा खेळ कधीच पाहिला नव्हता. सिल्वा आणि सॉनन यांच्या लढतीचे चित्रीकरण मी तिला निकाल न सांगता दाखवले आणि मध्येमध्ये विचारत गेले, कोण जिंकेल असे वाटते? पाचव्या फेरीपर्यंत ती ठामपणे वरच्याचे नाव घेत होती, शेवटी दचकली आणि काय झाले ते तिला कळले नाही. मग तो त्रिकोण मी उशी घेऊन तिला समजावला. पुढच्या आठवड्यात दुसरीच एक लढत लागली होती. खाली पडलेल्या खेळाडूचा डावा पाय हळूच वर सरकू लागला, समालोचक अजून वरच्याच्या ठोशांचे वर्णन करत होता आणि मावशी खुर्चीत पुढे झुकून म्हणाली, "अगं, पाय बघ त्याचा, पाय!" तो डाव लागला नाही. वरच्याने हात सोडवून घेतला आणि लढत पुढे सरकली. मावशी मात्र फेरी संपल्याची घंटा होईपर्यंत मागे टेकली नाही.