विचारनोंद

विचारनोंद : मनात आपोआप उमटणारा नकारात्मक विचार कागदावर उतरवून त्याचा खरेखोटेपणा पुराव्यानिशी तपासण्याची पद्धत. बोधात्मक वर्तनोपचारातील, म्हणजे विचार व वागणूक बदलून मनाचा त्रास कमी करण्याच्या उपचारपद्धतीतील, हे एक प्रमुख साधन असले, तरी त्यासाठी वही आणि पेन एवढेच लागत असल्याने दैनंदिन जीवनातील काळजी, चिडचिड व निराशा आटोक्यात ठेवण्यासाठीही ते वापरता येते.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक (१९२१–२०२१) यांनी मनोविश्लेषणाचे प्रशिक्षण घेतले होते. खिन्नतेच्या रुग्णांशी बोलताना त्यांच्या लक्षात आले की, रुग्ण जे सांगतो त्याच्या आडून त्याच्या मनात विचारांचा दुसराच प्रवाह चाललेला असतो. हे विचार त्रोटक असतात, क्षणात येऊन जातात आणि माणूस ते विचार म्हणून नव्हे, तर वस्तुस्थिती म्हणूनच स्वीकारतो. स्वतःबद्दल, जगाबद्दल आणि भविष्याबद्दल प्रतिकूल असणाऱ्या या विचारांची पडताळणी रुग्णाने स्वतः करावी, या कल्पनेवर बेक यांनी १९६० च्या दशकात ही उपचारपद्धती उभारली.

नोंदीचे रकाने साधे असतात : प्रसंग, भावना व तिची शंभरपैकी तीव्रता, मनात आलेला विचार, त्याच्या बाजूचा पुरावा, विरुद्ध पुरावा आणि शेवटी संतुलित विचार. वसतिगृहात राहणारा मुलगा संध्याकाळी फोन उचलत नाही आणि आईच्या मनात येते, ‘नक्की काहीतरी वाईट झालं असणार.’ मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण अशाच अवस्थेसाठी आहे. काळजीची तीव्रता नव्वद. बाजूचा पुरावा लिहायला घेतला की, फोन उचलला गेला नाही, यापलीकडे काही सापडत नाही. उलट बाजूला परीक्षा जवळ आली आहे, तो अभ्यासिकेत फोन बंद ठेवतो, पूर्वीही असे घडून रात्री त्याचाच फोन आला होता, अशा गोष्टी जमतात. ‘तो अभ्यासात असेल, नऊपर्यंत फोन आला नाही, तर त्याच्या मित्राला विचारीन’ हा संतुलित विचार. काळजी चाळीसवर येते. ती शून्यावर यावी अशी अपेक्षा नसते, आणि हेच या पद्धतीचे सर्वांत प्रामाणिक अंग म्हणावे लागेल. काही आठवडे नोंदी ठेवल्यावर आपल्याच मनाच्या ठरावीक खोडी दिसू लागतात : एका अपयशावरून कायमचा निष्कर्ष काढणे, दुसऱ्याच्या मनातले ओळखल्याची खात्री बाळगणे, चांगले घडलेले हिशेबातच न धरणे.

‘वाईट विचार मनात आणू नकोस’ हा घराघरांत दिला जाणारा सल्ला मायेचा असला, तरी फारसा उपयोगी नाही. पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, असे सांगितलेल्या व्यक्तींच्या मनात ते अस्वल वारंवार येते आणि मनाई उठल्यावर आणखी जोमाने येते, हे मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रयोगाने दाखवले. ‘मी उत्तमच आहे’ असे स्वतःला बजावत राहणेही, ज्यांचा स्वतःवर विश्वास कमी आहे त्यांना उलटे बाधू शकते. विचारनोंदीत दडपणे नाही आणि गोड समजूतही नाही, म्हणूनच ती या दोहोंपेक्षा सरस ठरते.

विचारनोंदीला जवळची पद्धत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांची. घटनेपेक्षा घटनेविषयीच्या हट्टी, ‘असे झालेच पाहिजे’ छापाच्या धारणांमुळे मन अस्वस्थ होते, असे ते मांडत. मराठीत ती विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणून परिचित असून कि. मो. फडके यांनी तिचे प्रशिक्षण भारतात रुजवले.

विचारनोंदीला मर्यादा आहेत. कर्ज, घरातील मारहाण किंवा कामावरील अन्याय यांतून येणारे विचार पुष्कळदा खरेच असतात. तेथे विचार नव्हे, परिस्थिती बदलण्याचे उपाय हवेत. मंत्रचळात, म्हणजे नकोसे विचार व कृती पुनःपुन्हा करायला लावणाऱ्या विकारात, विचार तपासत राहणे हीच नवी सक्ती होऊन बसू शकते. झोप व भूक उडाली असेल, दोन आठवडे उदासी हटत नसेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर वहीवर विसंबून न राहता तज्ज्ञांकडे जाणे आवश्यक असते. त्यासाठी केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध असून तेथे मराठीतूनही बोलता येते.