मेपलच्या गाठी आणि मेपलची साखर: डबा उघडलात की आधी हे वाचा

नमस्कार मंडळी,

डब्यात मेपलच्या झाडाच्या खोडात ठोकून रस काढायच्या दोन नळ्या आहेत (इथले लोक त्यांना स्पाइल म्हणतात), ५/१६ इंची ड्रिल बिट, जाड फेल्टचा फिल्टर, थर्मामीटर आणि गाठींचा सिलिकॉनचा साचा, दोऱ्यासकट. गाठी म्हणजे त्याच हो, पाडव्याला गुढीला घालतो त्या. इकडे कॅनडात, ओंटारिओच्या दक्षिण भागात मेपलचा रस फेब्रुवारीच्या शेवटी सुरू होतो आणि एप्रिल लागला की आटपतो, आणि पाडवा नेमका त्याच सुमारास येतो, म्हणून हा साचा करून घेतला. बादली आणि पातेलं तुमचं तुम्ही बघायचं. आजोबांच्या काळातली पत्र्याची जुनी बादली गराज सेलमध्ये छान दिसते पण तिच्या जोडाला शिसं असू शकतं, तेव्हा ती शोभेलाच ठेवा, रसाला खाण्याच्या दर्जाचं प्लास्टिक नाहीतर स्टील घ्या.

झाड आधी ओळखून ठेवा, म्हणजे पानं असतानाच, कारण फेब्रुवारीत सगळी झाडं खराट्यासारखी दिसतात. उत्तम ते शुगर मेपल. रेड आणि सिल्व्हर मेपलचा रस पण चालतो, साखर जरा कमी. सबर्बमध्ये खूप घरांपुढे नॉर्वे मेपल असतो, त्याच्या पानाचा देठ तोडला की दुधासारखा चीक येतो, त्याच्यातून पण रस निघतो पण आटवता आटवता जीव जातो. फुटपाथच्या कडेचं झाड बहुतेक वेळा नगरपालिकेचं असतं, तुमच्या दारात असलं तरी, त्याला भोक पाडू नका. खोड छातीच्या उंचीवर निदान ३० सेंटीमीटर रुंद पाहिजे, तेवढ्याला एकच नळी, ४५ च्या पुढे असेल तर दोन. बारक्या झाडाचा मोह करू नका.

भोक साधारण ४ सेंटीमीटर खोल, किंचित वरच्या दिशेने, म्हणजे रस आपोआप बाहेर ओघळतो. भुसा पांढरट-पिवळसर निघाला तर बरोबर, काळपट तपकिरी निघाला तर तिथलं लाकूड मेलेलं आहे, जागा बदला. नळी हलक्या हाताने ठोका, जोरात ठोकली की खोडाला चीर जाते आणि रस बाजूने गळतो. पुढच्या वर्षी जुन्या भोकापासून चांगलं वीतभर लांब जा. सीझन संपला की नळी काढायची आणि भोक तसंच सोडायचं, मेण-बिण काही भरायचं नाही, झाड स्वतःच ते बुजवतं.

रस कधी येतो हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. रात्री शून्याखाली आणि दिवसा शून्यावर, बास. रात्री गोठताना झाड मुळांतून पाणी ओढून घेतं, दिवसा वितळलं की आत दाब तयार होतो आणि थेंब थेंब सुरू. सलग थंडी असेल तर बादली कोरडी, सलग ऊब असेल तरी कोरडी. झाडाला कळ्या फुगायला लागल्या की थांबा, त्या रसाच्या पाकाला एक विचित्र वास येतो, घालवता येत नाही. जमवलेला रस दुधासारखा समजा, बर्फात किंवा फ्रीजमध्ये ठेवायचा आणि आठवड्याच्या आत आटवायचा.

आता खरी गोष्ट. आपल्याकडे उसाच्या रसात पंधरा-वीस टक्के साखर असते, मेपलच्या रसात जेमतेम दोन, चाखला तर लोकांना वाटतं हे पाणीच आहे, फसवलं आम्हाला. इथल्या लोकांचा जुना हिशेब आहे, ८६ ला साखरेच्या टक्क्याने भागायचं, म्हणजे २ टक्के असेल तर ४३ लिटर रसाचा १ लिटर सिरप, म्हणजे आटवलेला पातळ पाक. एक नळी सगळ्या सीझनमध्ये साधारण ४० लिटर देते, म्हणजे लिटरभर सिरप, आणि त्याची पूर्ण साखर केली तर ९०० ग्रॅमच्या आसपास. दुकानाच्या भावाशी तुलना करायला बसू नका, गॅसचा खर्च धरला तर तुम्ही आम्हालाच शिव्या द्याल.

चाळीस लिटरातलं एकोणचाळीस लिटर पाणी वाफ होऊन कुठेतरी जाणार, ते कुठे जाणार याचा विचार आम्ही पहिल्या वर्षी केला नाही आणि स्वयंपाकघरात आटवत बसलो, दुसऱ्या दिवशी कपाटांना चिकट थर आणि छताचा रंग सुटलेला, घरमालकाला काय सांगायचं ते सुचेना. तर आटवणं बाहेर, अंगणात, प्रोपेनच्या बर्नरवर किंवा विटांच्या चुलीवर, रुंद पातेल्यात. फेस वर आला तर लोण्याचा एक थेंब टाका, लगेच बसतो. शेवटचा लिटरभर मात्र घरात आणा कारण तिथे क्षणाक्षणाला बघावं लागतं. सिरप झाला हे कसं कळतं, तर पाणी ज्या तापमानाला उकळतं त्याच्या वर साधारण ४ अंश, म्हणजे १०४ च्या आसपास. पाण्याचा उकळबिंदू हवेच्या दाबाने रोज थोडा हलतो, म्हणून त्या दिवशी आधी साध्या उकळत्या पाण्यात थर्मामीटर बुडवा आणि तो आकडा धरून चला. मग गरम असतानाच फेल्टमधून गाळा, तळाशी वाळूसारखं जे राहतं ती रसातली खनिजं, खाल्ली तर काही होत नाही पण दाताखाली येतात.

गाठींसाठी सीझनच्या सुरुवातीचा फिकट सोनेरी सिरपच वापरा. शेवटी शेवटी येणारा गडद सिरप चवीला झकास असतो, पोळीबरोबर आम्हाला तोच आवडतो, पण त्यातल्या थोड्या साखरेचं ग्लुकोज-फ्रुक्टोज झालेलं असतं आणि ती साखर खडा धरू देत नाही. "गाठी घट्ट का होत नाहीत" असे जे मेसेज येतात त्यातले निम्मे इथेच अडकलेले असतात.

अर्धा लिटर सिरप उंच पातेल्यात घ्या, उंचच, कारण तो दुप्पट-तिप्पट फुगतो. मध्यम आचेवर उकळू द्या. आई-आजीच्या भाषेत सांगायचं तर आपल्याला गोळीबंद पाक हवाय, आकड्यात सांगायचं तर ११३ ते ११८ अंश, खालच्या टोकाला गाठी मऊ, वरच्या टोकाला टणक, आम्ही दोऱ्यावर लटकायच्या म्हणून ११७ ला उतरवतो. उतरवलं की हात लावायचा नाही. ढवळायचं नाही, हलवायचं नाही, बाजूला चिकटलेलं खरवडायचं नाही. पातेलं तसंच ८० अंशापर्यंत येऊ द्या. माझं माहेर कागलकडचं, गुऱ्हाळावर काहील उतरवल्यावर गुळव्या कुणाला जवळ येऊ द्यायचा नाही, इथे पण तसंच वागा. गरम असताना ढवळलं तर मोठे खडे धरतात आणि गाठ खरखरीत होते, निवल्यावर ढवळलं तर बारीक दाणा येतो आणि तोंडात विरघळते.

८० ला आलं की लाकडी उलथन्याने सावकाश ढवळा, तीन-चार-पाच मिनिटं लागतात. आधी काहीच होत नाही, मग चमक जाते, रंग फिका होतो आणि उलथनं जड लागतं. त्या क्षणी ओता, फोन वाजला तर वाजू दे. मी एकदा उचलला, सासूबाईंचा होता, दोन मिनिटांत पातेल्यातच दगड. तसं झालं तरी वाया जात नाही, थोडं पाणी घालून परत वितळवा आणि पहिल्यापासून सुरू करा. दोरा साच्याच्या खाचेत आधीच लावून ठेवायचा हे सांगायलाच नको पण दरवर्षी कुणीतरी विसरतंच. अर्ध्या तासात गाठी सुटतात. मुलांना ओतायच्या वेळी लांब ठेवा, उकळता पाक पाण्यापेक्षा वाईट भाजतो कारण तो चिकटून राहतो.

साखर त्यामानाने सोपी. तोच सिरप बारीक आचेवर १२५ ते १२७ पर्यंत न्यायचा, शेवटच्या पाच अंशांत करपतो तेव्हा नजर हटवू नका, उतरवून लगेच जोरात ढवळत राहायचं. एकदम वाफ सुटते, पाक घट्ट होतो आणि बघता बघता कोरडी भुरी साखर. चाळणीने चाळा, वर राहिलेले खडे चहाला. इथले मूळ रहिवासी अनिशिनाबे लोक पिढ्यानपिढ्या रस पार साखरेपर्यंतच आटवत आलेत, कारण पातळ पाक टिकवणं अवघड आणि साखर बर्च झाडाच्या सालीच्या डब्यात वर्षभर राहते, साच्यात घालून वड्या पण करायचे. तुम्ही काचेच्या बरणीत ठेवा, झाकण घट्ट.

शिऱ्याला, तिळाच्या वड्यांना, पुरणाला गुळाच्या जागी ही साखर छान लागते, प्रमाण तेवढंच. पण डायबेटिस असलेल्या काकांना "नॅचरल आहे, चालतं" म्हणून देऊ नका, ही बहुतेक सगळी साधी साखरच आहे.

थर्मामीटरचा आकडा पाण्यात खूपच वेगळा आला तर फोटो पाठवा, बदलून देतो. आणि गुढी बाहेर उभारणार असाल तर गाठी आयत्या वेळी बांधा आणि दुपारीच आत घ्या. इकडच्या लाल खारी मेपलच्या सालीला चावा घेऊन ठेवतात आणि रस वाळला की चाटायला परत येतात, त्यांना ही चव चांगली माहीत आहे. मागच्या पाडव्याला आमच्या गुढीला संध्याकाळी नुसता दोरा उरला होता.